आलिशान मोटार आणि जादा सुविधांचा हिशेब

मोटारकर्जाच्या अर्जाला विक्रेत्याचे कोटेशन जोडलेले असते, परंतु ते पूर्ण वाचणारे थोडेच. ग्राहकाची नजर शेवटच्या बेरजेवर असते, बँकेचा अधिकारी त्या बेरजेवरून कर्जाची रक्कम ठरवतो, आणि मधल्या ओळी कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. झाशी येथील शाखेत कर्ज विभागाचे काम पाहत असताना एका ग्राहकामुळे मला या मधल्या ओळी वाचण्याची सवय लागली. प्रस्तुत लेख हा त्या अभ्यासाचाच एक भाग आहे.

हे ग्राहक व्यवसायाने शल्यचिकित्सक. घराणे मूळचे कोकणातले. नेवाळकरांच्या काळात झाशीत आले आणि तेथेच स्थिरावले. ज्या गणेश मंदिरात राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला असे मानतात, त्या मंदिरातील गणेशोत्सवाला हे कुटुंब आजही नेमाने जाते. डॉक्टरांचे लहानसे रुग्णालय आहे. पन्नाशी उलटल्यावर एकदा मनासारखी मोटार घ्यावी, या इच्छेने त्यांनी एका परदेशी कंपनीच्या मोटारीचे कोटेशन आणले. मूळ एक्स-शोरूम किंमत ६८ लाख रुपये आणि त्याखाली नऊ जादा सुविधा, एकूण ११ लाख ६० हजारांच्या. रुग्णालयातील यंत्रसामग्रीचे कर्ज चालू होते, घराचे थोडे शिल्लक होते आणि पुण्यास शिकणाऱ्या मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च पुढील वर्षी सुरू व्हायचा होता. कोटेशन जसेच्या तसे मान्य केले असते, तर सर्व हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर गेली असती. अर्ज नामंजूर करण्याजोगा नव्हता, पण मंजूर करताना हात आखडावा असा होता. मी डॉक्टरांना विनंती केली की, आपण या नऊ ओळी एकदा बसून पाहू.

एक लाखाची सुविधा किती लाखांची?

कोटेशनमध्ये एखाद्या सुविधेपुढे १ लाख रुपये लिहिलेले असतात, तेव्हा ती १ लाखात पडते असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती निराळी आहे. कारखान्यातून बसवून येणारी सुविधा ही मोटारीच्या किमतीचाच भाग होते. तिच्यावर जीएसटी तर असतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर उपकर रद्द होऊन ४० टक्क्यांचा एकच दर लागू झाला, आणि तो एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. त्यावर पथकर. उत्तर प्रदेशात या किमतीच्या खासगी मोटारीसाठी तो ११ टक्के धरावा. १० लाखांवरील मोटारीवर विक्रेता आणखी १ टक्का टीसीएस गोळा करतो. तो पुढे प्राप्तिकरात वळता होतो खरा, पण त्या दिवशी खिशातूनच जातो. विम्याचा हप्ताही वाढलेल्या किमतीवर ठरतो. सर्व धरून १ लाखाची सुविधा रस्त्यावर येईपर्यंत साधारण १ लाख १५ हजारांची होते.

ही रक्कम ९ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जातून दिली असे समजू. दरमहाचा हप्ता सुमारे २,३८७ रुपये आणि साठ हप्त्यांची बेरीज सुमारे १ लाख ४३ हजार. विमा कंपन्यांच्या प्रचलित घसारा कोष्टकाप्रमाणे चार ते पाच वर्षे वयाच्या मोटारीचे विमामूल्य मूळ किमतीच्या निम्मे धरले जाते. जुन्या मोटारींच्या बाजारात तर जादा सुविधांची दखल त्याहूनही कमी घेतली जाते. तिथला गिऱ्हाईक मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि रंग पाहतो. मागील मालकाने दीड लाखाचे ध्वनिक्षेपक बसवले होते म्हणून तो दीड लाख अधिक मोजत नाही. तेव्हा ‘पुढे विकताना पैसे वसूल होतील’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद कागदावरच सोडून द्यावा. सुविधेची किंमत वसूल व्हायची ती वापरातूनच.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. युरोपात ग्राहक एकेक सुविधा निवडून मोटार बनवून घेतो. भारतात मर्सिडीज-बेंझची जुळणी चाकणला, बीएमडब्ल्यूची चेन्नईजवळ आणि ऑडीची छत्रपती संभाजीनगरला होते. ती ठरावीक प्रकारांतच होत असल्याने बऱ्याच सुविधा गठ्ठ्याने येतात. हवी ती एक घ्यायची, तर नको त्या तीन घ्याव्या लागतात. खास मागणी नोंदवता येते, पण त्यासाठी कित्येक महिने थांबण्याची तयारी हवी. विक्रेत्याकडे उभी असलेली गाडी ‘आजच घेऊन जा’ म्हणून पुढे केली जाते, तेव्हा तिच्यातील सुविधा आपण निवडलेल्या नसतात, त्या आपल्या वाट्याला आलेल्या असतात.

झाशीचे ऊन आणि काचेचे छप्पर

डॉक्टरांच्या यादीतील पहिली सुविधा होती पूर्ण लांबीचे काचेचे छप्पर, किंमत १ लाख ६० हजार. झाशीचा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे त्याला यावर भाष्य करण्याची गरज नाही. मे २०२४ मध्ये येथे पारा ४९ अंशांपर्यंत गेला होता. छपराखाली कापडी पडदा असतो आणि काचेवर उष्णता परतवणारा लेपही असतो, हे मान्य. तरीही पत्र्याच्या छपराखाली अस्तराचा जो जाड थर असतो, त्याची सर पातळ पडद्याला येत नाही. शिवाय झाशीच्या परिसरात दगडखाणी आणि गिट्टीच्या क्रशरची धूळ भरपूर. छपराच्या कडेने पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या या धुळीने तुंबतात आणि मग पहिल्या मोठ्या पावसात पाणी आतील अस्तरावर उतरते. ही तक्रार महाग मोटारींतही होते.

या चर्चेच्या वेळी डॉक्टरांच्या मातोश्री सोबत होत्या. वय ८१, गुडघे दुखरे, स्मरणशक्ती मात्र खणखणीत. त्या म्हणाल्या, “काचेचं छत कशाला रे बाळा? आपण उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या बांधून पाणी शिंपडायचो, ऊन बाहेर ठेवायला. तू ते पैसे देऊन आत घेतोयस.” पहिल्या ओळीवर तेथेच काट मारली गेली.

याउलट हवा खेळती ठेवणारी पुढील आसने, ज्यांना व्हेंटिलेटेड सीट म्हणतात, ती ९० हजारांना होती आणि डॉक्टर ती चैन समजून सोडायला निघाले होते. वातानुकूलन यंत्र गाडीतील हवा थंड करते. पण पाठ आणि आसन यांच्यामध्ये हवाच नसते. दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसल्यावर घाम येतो तो तिथेच. आसनातील लहान पंखे छिद्रांच्या चामड्यातून हवा खेळवतात. झाशीसारख्या ठिकाणी एप्रिल ते ऑक्टोबर असे जवळजवळ सात महिने ही सोय रोज वापरात येते. शिवाय ती नंतर नीट बसवता येत नाही. बाजारात पंख्याची आच्छादने मिळतात, पण आसनाच्या बाजूस एअरबॅग असलेल्या मोटारीत आच्छादन चढवणे धोक्याचे असते, कारण एअरबॅग उघडण्याच्या वाटेतच ते येते.

त्याच हिशेबाने मागील आसनांसाठी स्वतंत्र वातानुकूलन नियंत्रण, ६० हजार रुपये, हेही ठेवण्याचे ठरले. चालकाला १८ अंश हवे असतात आणि मागे बसलेल्या वृद्ध व्यक्तीच्या गुडघ्यांना तो झोत सोसवत नाही. प्रत्येक प्रवासात होणारा हा वाद मिटवण्यास ६० हजार अधिक वाटत नाहीत.

उन्हासंबंधी दोन गोष्टी फुकटात मिळतात आणि त्यांकडेच दुर्लक्ष होते. एक म्हणजे बाहेरचा फिकट रंग, दुसरी आतील चामड्याचा फिकट रंग. काळे चामडे शोरूममध्ये रुबाबदार दिसते आणि मे महिन्यात हात भाजते. काचांच्या बाबतीतही आधीच विचारणा करावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवरील काळ्या फिल्मवर बंदी आणली. पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असा नियम आहे. तेव्हा उष्णता परतवणारी काच हवी असल्यास ती कारखान्यातूनच आलेली बरी.

चाके, हवा आणि शंभर किलोमीटर

जादा सुविधा ही कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. झाशीपासून शंभर किलोमीटरवरील ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस विकत घेतली, ती मुंबई ते कोल्हापूर अशा सुमारे ६२० मैलांच्या आणि सहा घाटांच्या कसोटीत उतरल्यावर. साल १९०८. त्या काळी रोल्स-रॉइस फक्त चासी विकत असे. वरील पेटी, गाद्या, दिवे, पडदे हे सारे ग्राहक वेगळ्या कारागिराकडून आपल्या हौसेनुसार करवून घेई. ग्वाल्हेर दरबारची हौस काही कमी नव्हती. जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी आजही पाहावयास मिळते. पण मोटारीची निवड मात्र घाटातील कसोटीच्या बळावर झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

डॉक्टरांच्या यादीत २० इंची चाके होती, ९० हजारांची. मूळ गाडीत १८ इंची. फोटोत मोठे चाक उठून दिसते, यात शंका नाही. परंतु टायरवरील आकडे वाचायला शिकले पाहिजे. २३५/६० आर १८ याचा अर्थ टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, रबरी भिंतीची उंची त्याच्या ६० टक्के, म्हणजे १४१ मिलिमीटर, आणि आतील धातूचे चाक १८ इंची. २५५/४५ आर २० मध्ये हीच भिंत सुमारे ११५ मिलिमीटर उरते. पाव इंच नव्हे, तब्बल एक इंच रबर कमी. खड्ड्याचा मार शोषणारी पहिली उशी तीच असते. ती पातळ झाली की धक्का कमरेला बसतो आणि खड्डा खोल असेल तर टायरची भिंत फुगते किंवा मिश्रधातूचे चाक वाकते. पैसे मोजून गैरसोय विकत घेण्याचे याहून चांगले उदाहरण मला आढळलेले नाही.

याला जोडूनच स्टेपनीचा प्रश्न येतो. अनेक महाग मोटारींत पूर्ण आकाराची स्टेपनी नसते. त्याऐवजी रन-फ्लॅट टायर असतात, जे हवा गेल्यावरही ताशी ८० किलोमीटर वेगाने साधारण ८० किलोमीटर चालतात. मोठ्या शहरात हे पुरेसे आहे. झाशीतून मात्र ग्वाल्हेर शंभर किलोमीटर, कानपूर त्याच्या दुपटीहून लांब, आणि अशा आकाराचा टायर वाटेतील दुकानात मिळणे कठीण. जेथे पर्याय उपलब्ध असेल तेथे स्टेपनी घ्यावी, मग डिकीतील थोडी जागा गेली तरी चालेल.

यादीतील सर्वांत महाग ओळ होती एअर सस्पेन्शन, २ लाख २० हजार. आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी ती मुद्दाम घातली होती, त्यामुळे ती खोडा असे म्हणणे मला जड गेले. या यंत्रणेत लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात, कॉम्प्रेसर त्यांतील हवा कमी-जास्त करतो आणि काही गाड्यांत चढउतारासाठी गाडी खाली बसवण्याची सोयही असते. आराम खराच अधिक. परंतु रबर उष्णतेने आणि धुळीने झिजते, आणि झीज ही विम्याच्या कक्षेत येत नाही. मुदतवाढ वॉरंटीतही या पिशव्या धरल्या आहेत की वगळल्या आहेत, हे अटींमध्ये पाहावे लागते. वॉरंटी संपल्यावर बिघाड झाला आणि गाडी खाली बसली, तर ती लखनौ, कानपूर किंवा दिल्लीच्या कार्यशाळेपर्यंत ट्रकवर घालून न्यावी लागणार.

मी सुचवले की, निर्णय कागदावर न घेता रस्त्यावर घ्यावा. एवढ्या किमतीच्या गाडीसाठी विक्रेते चाचणीची गाडी गावी पाठवतात. त्याप्रमाणे साध्या स्प्रिंगची, १८ इंची चाकांची गाडी मागवली आणि आईंना मागे बसवून ओरछापर्यंत नेऊन आणले. एअर सस्पेन्शनची गाडी डॉक्टरांच्या एका परिचितांकडे होती, २० इंची चाकांची. तिच्यातूनही तोच फेरफटका झाला. आईंना दोहोंत फार फरक जाणवला नाही. त्यांची अडचण निराळीच निघाली. चढताना पाय उंबऱ्यावरून उचलणे आणि धरायला काहीतरी आधार. त्यासाठी दाराच्या वर भक्कम मूठ, दार पुरेसे उघडणे आणि आसनाची योग्य उंची या तीन गोष्टी लागतात, आणि त्या कोणत्याच कोटेशनमध्ये विकत मिळत नाहीत. गाडी निवडतानाच पाहायच्या असतात. सुदैवाने या गाडीत त्या होत्या.

रात्रीचा रस्ता

झाशी हे देशाच्या दोन महामार्ग-कॉरिडॉरांचे मीलनस्थान आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी हा उत्तर-दक्षिण आणि पोरबंदर ते सिलचर हा पूर्व-पश्चिम मार्ग येथेच परस्परांना छेदतात. या चौपदरी रस्त्यांवर गाडी उत्तम धावते. पण डॉक्टरांना रात्री-अपरात्री मऊरानीपूरच्या बाजूला जावे लागते. बुंदेलखंडात भाकड गुरे मोकळी सोडून देण्याची जुनी रीत आहे, तिला तेथे अन्ना प्रथा म्हणतात. रात्री ही गुरे गरम डांबरावर कळपाने बसतात. त्यात नीलगाई, आणि मागील दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या.

म्हणून १ लाख २० हजारांचे मॅट्रिक्स दिवे मी स्वतः आग्रहाने ठेवायला सांगितले. या दिव्यांत अनेक लहान एलईडी असतात आणि कॅमेऱ्याच्या साहाय्याने समोरून येणाऱ्या वाहनापुरताच प्रकाश विझवला जातो. बाकीचा रस्ता लांबवर उजळलेला राहतो. समोरच्याचे डोळे दिपत नाहीत आणि आपल्याला रस्त्याकडेचे जनावर वेळीच दिसते. डिसेंबर-जानेवारीच्या दाट धुक्यात मात्र त्यांचा उपयोग नाही. तेथे वेग कमी करणे एवढाच उपाय.

चालकसाहाय्य यंत्रणेचा गठ्ठा १ लाख ३० हजारांचा होता. त्यातील रस्त्याच्या पट्ट्यांमध्ये गाडी आपोआप ठेवणारी सोय जेथे पट्टेच पुसलेले आहेत तेथे निरुपयोगी. पुढील वाहनापासून अंतर राखणारी सोय आपल्याकडे मधे घुसणाऱ्या मोटारसायकलींमुळे वारंवार दचकते. पण अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आणि चारही बाजूंचा कॅमेरा त्याच गठ्ठ्यात होते, म्हणून तो राहिला. गठ्ठ्यातील अर्ध्या गोष्टी बंदच ठेवाव्या लागतील, हे डॉक्टरांनी समजून घेतले.

सुरक्षेच्या बाबतीत यादीबाहेरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. मोटार उत्तम प्रतीची होती; मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात दिसून आले. मागील पट्टा प्रत्येक मोटारीत विनामूल्य असतो. आईंना तो खांद्यावर टोचत असे. पट्ट्याची उंची आणि आसनाची रचना चाचणीच्या वेळीच पाहून घेतल्याने ती सबबही उरली नाही.

मागील आसनांसाठीचे दोन पडदे, १ लाख ४० हजार, याविषयी फार बोलावे लागले नाही. मुलगी पुण्यात, आणि आई प्रवासात झोपतात.

उरलेल्या काही बाबी

आता सुविधा विकण्याची आणखी एक रीत निघाली आहे. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत आसन गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर देऊ केली. यंत्र गाडीत बसवलेलेच, पण पैसे भरल्याशिवाय सुरू होत नसे. ग्राहक संतापले आणि २०२३ मध्ये कंपनीने तो विचार सोडला. तरीही नकाशे, दूरनियंत्रण, प्रगत चालकसाहाय्य अशा सेवांची विनामूल्य मुदत किती वर्षांची आणि नंतरचे शुल्क किती, हे कोटेशनवर लेखी घेऊन ठेवणे इष्ट.

विक्रेत्याकडे नंतर बसवल्या जाणाऱ्या वस्तूंचा हिशेब वेगळा ठेवावा. त्या मोटारीच्या बीजकात नसल्या तर सामान्यतः कर्जात धरता येत नाहीत, आणि विमा पत्रकात स्वतंत्र नोंद नसेल तर चोरी वा अपघातानंतर त्यांची भरपाई मिळत नाही. विद्युत उपकरणांसाठी अशा नोंदीचा जादा हप्ता प्रचलित पद्धतीप्रमाणे त्यांच्या मूल्याच्या ४ टक्के असतो. मूळ वायरिंग तोडून काही बसवले तर वॉरंटीवर पाणी सोडावे लागते, ते वेगळेच. याउलट घसारामुक्त विमा आणि संपूर्ण नुकसानीच्या प्रसंगी बीजकाइतकी रक्कम देणारे संरक्षण, या दोन गोष्टी महाग मोटारीला घ्याव्यात असे माझे मत आहे. कारण दाव्याच्या वेळी प्लास्टिक आणि रबरी भागांवर निम्मा घसारा कापला जातो आणि अशा मोटारीच्या एका बंपरची किंमतसुद्धा धडकी भरवणारी असते.

राहता राहिली दीड लाखाची ध्वनियंत्रणा. माझ्या हिशेबात ती बसत नव्हती. मूळ यंत्रणा पुरेशी चांगली होती, आणि विकताना या दीड लाखाचे काहीच येणार नव्हते. डॉक्टरांनी सर्व ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, तासन्‌तास शस्त्रक्रिया केल्यावर घरी येताना मी वीस मिनिटे गाडीत एकटा असतो. तेवढा वेळ मला कुमार गंधर्व नीट ऐकू आले पाहिजेत.” रोजच्या वापराची कसोटी मीच लावून दिली होती, तिला ही ओळ माझ्या इतर अनेक शिफारशींपेक्षा अधिक उतरत होती. मी ती तशीच राहू दिली.

अंतिम कोटेशनमध्ये नऊपैकी पाच सुविधा उरल्या, ५ लाख ५० हजारांच्या. ६ लाख १० हजारांच्या चार वगळल्या. पथकर-विमा धरून हा फरक ७ लाखांवर गेला आणि हप्त्यात दरमहा सुमारे साडेचौदा हजारांचा. मुलीच्या शिक्षणखर्चाची पहिली रक्कम डॉक्टरांना नवे कर्ज न काढता भरता आली.

पुढे मे महिन्यात हे कुटुंब आईंच्या तपासणीसाठी ग्वाल्हेरला जाऊन आले. परतल्यावर डॉक्टर शाखेत आले होते. आई त्या दिवशी हट्टाने पुढे, चालकाशेजारी बसल्या होत्या आणि दतिया येईपर्यंत त्यांनी आसनातील पंखा दोनदा कमी करायला लावला.